दुष्काळ, सुबत्ता आणि मेदवृद्धी



आजच्या व्याख्यानाचा विषय जाहीर झाला तेव्हा काहींना हसू आले असेल, आणि त्याबद्दल माझी तक्रार नाही. लठ्ठ माणूस हा आपल्या समाजात पूर्वापार विनोदाचा विषय आहे. तमाशातील सोंगाड्या पोटाला उशी बांधून आला की तो तोंड उघडण्यापूर्वीच लोक हसू लागतात. या हसण्यामागे एक जुना राग दडलेला आहे. ज्या मुलखात बहुतेकांच्या पोटाला खळगी होती, त्या मुलखात सुटलेले पोट हे सावकाराचे, नाही तर वतनदाराचे असावयाचे. ज्याने दुसऱ्याच्या वाट्याचे खाल्ले तो लठ्ठ, असा हा सरळ हिशेब होता.

हा हिशेब आता जमत नाही. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाचे आकडे पाहा. २००५-०६ साली आपल्या देशातील १५ ते ४९ वयाच्या स्त्रियांपैकी १२.६ टक्क्यांचे वजन प्रमाणाबाहेर होते. २०१९-२१ साली ते प्रमाण २४ टक्क्यांवर गेले. पुरुषांत ते ९.३ टक्क्यांवरून २२.९ टक्क्यांवर गेले. याच काळात अतिकृश स्त्रियांचे प्रमाण ३५.५ टक्क्यांवरून १८.७ टक्क्यांवर आले. म्हणजे आपल्या डोळ्यांदेखत तराजूचे पारडे फिरले, आणि रोडावलेल्या स्त्रियांपेक्षा वजन वाढलेल्या स्त्रियांची संख्या अधिक झाली. यात आनंद मानावा, तर त्याच पाहणीत ५७ टक्के स्त्रियांच्या अंगात रक्त कमी आढळले. मेद वाढला, परंतु रक्त वाढले नाही. २०२३ साली प्रसिद्ध झालेल्या भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेच्या मोठ्या पाहणीने तर देशात सुमारे १० कोटी १० लाख मधुमेही असल्याचा अंदाज दिला, आणि प्रौढांपैकी सुमारे ३९ टक्क्यांच्या कंबरेचा घेर मर्यादेबाहेर असल्याचे सांगितले. ३९ टक्के लोक सावकार असू शकत नाहीत, हे उघड आहे.

मग हे झाले कसे? लोक आळशी झाले, जिभेचे चोचले वाढले, हे उत्तर सर्वांत सोपे. परंतु आळस काय किंवा जीभ काय, दोन्ही माणसाला आरंभापासून आहेत. दोन पिढ्यांत मनुष्यस्वभाव पालटत नाही. स्वभाव तोच राहून परिणाम जेव्हा वेगळा होतो, तेव्हा कारण परिस्थितीत शोधावे लागते आणि परिस्थितीचा शोध म्हणजेच इतिहास. म्हणून हा विषय मी वैद्याच्या अंगाने न मांडता आपल्या मराठवाड्याच्या, विशेषतः या परभणी जिल्ह्याच्या इतिहासाच्या अंगाने मांडणार आहे.

आपल्या पूर्वजांना हा रोग ठाऊक नव्हता असे नाही. चरकसंहितेच्या सूत्रस्थानातील एकविसाव्या अध्यायात ज्या आठ प्रकारच्या शरीरांना निंद्य म्हटले आहे, त्यांत अतिस्थूल आणि अतिकृश हे दोन्ही येतात. अतिस्थूलतेची कारणे म्हणून जड, गोड व स्निग्ध पदार्थांचे अतिसेवन, व्यायामाचा अभाव, दिवसा झोप आणि निश्चिंतपणा यांबरोबरच बीजस्वभाव, म्हणजे जन्मतः आलेली प्रकृती, हेही कारण चरकाने सांगितले आहे. उपाय म्हणून यव, मूग, कुळीथ यांसारखी धान्ये, आणि क्रमाक्रमाने वाढवीत न्यावयाचा व्यायाम. विशेष हे की, स्थूल व कृश या दोहोंत कृश बरा, कारण स्थूलाची चिकित्सा अधिक अवघड, असाही निर्वाळा तेथे आहे. परंतु चरकापुढे बसलेला स्थूल रोगी हा सुखवस्तू घरातील होता. सामान्य शेतकऱ्याला हा रोग होईल, अशी कल्पना कोणीही केली नव्हती.

सामान्य शेतकऱ्याचा रोग वेगळा होता. त्याचे नाव दुष्काळ. चौदाव्या शतकाच्या अखेरीस सुरू झालेला दुर्गादेवीचा दुष्काळ बारा वर्षे चालला, असे परंपरा सांगते. १६३०-३२ चा दुष्काळ दख्खन आणि गुजरात या दोन्ही प्रांतांवर पडला. तुकोबांच्या घरावर कोसळला तो हाच काळ. पुढे १८७६-७८, १८९६-९७ आणि १८९९-१९०० असे तीन दुष्काळ पंचवीस वर्षांच्या आत आले. त्या वेळी आपला हा भाग निजामाच्या हैदराबाद संस्थानात होता. त्या संस्थानाची लोकसंख्या १८९१ साली सुमारे १ कोटी १५ लाख होती, ती १९०१ साली १ कोटी ११ लाखांवर आली. १९११ ते १९२१ या दशकात इन्फ्लुएंझाची साथ आणि अवर्षण यांनी मिळून ती पुन्हा १ कोटी ३३ लाखांवरून १ कोटी २४ लाखांवर आणली. शिरगणतीचे हे रुक्ष आकडे वाचताना एक गोष्ट ध्यानात ठेवावी. दुष्काळात जे मरतात त्यांची नोंद होते. जे अर्धपोटी राहून जगतात, आणि ज्या आया अर्धपोटी राहून मुलांना जन्म देतात, त्यांची नोंद कोठेच होत नाही. ती नोंद फक्त त्यांच्या आणि त्यांच्या मुलांच्या देहात राहते. ती कशी, हे पुढे येईलच.

या मालिकेतील आपल्या स्मरणातला मोठा दुष्काळ १९७२ चा. या सभागृहात असे कित्येक जण असतील, की ज्यांनी स्वतः किंवा ज्यांच्या आईवडिलांनी त्या साली खडी फोडली आहे. मे १९७३ मध्ये महाराष्ट्रात सुमारे ५० लाख माणसे सरकारी दुष्काळी कामांवर होती. रस्ते झाले, पाझर तलाव झाले, बांधबंदिस्ती झाली. परदेशातून आलेला लाल मिलो लोकांनी नाक मुरडीत, पण खाल्ला. कामावर सुकडी वाटली गेली. पूर्वीच्या दुष्काळांसारखे गावेच्या गावे ओस पडण्याचे संकट टळले, ही लहान गोष्ट नव्हे. वि. स. पागे यांनी पुरस्कारिलेली रोजगार हमी योजना याच अनुभवातून पक्की झाली, तिचा कायदा १९७७ साली संमत होऊन १९७९ पासून अमलात आला. याच १९७२ सालच्या १८ मे रोजी येथे परभणीत मराठवाडा कृषी विद्यापीठ स्थापन झाले. आणि याच साली, येथून हजारो मैलांवर, अमेरिकेतील अॅन्सेल कीज या शास्त्रज्ञाने एका निबंधात वजनाला उंचीच्या वर्गाने भागून मिळणाऱ्या आकड्याला आज सर्वत्र रूढ असलेले नाव दिले. आपण त्यास देहभारांक म्हणू. हे सूत्र मुळात बेल्जियमच्या केतले या संख्याशास्त्रज्ञाने १८३० च्या सुमारास काढलेले होते. पश्चिमेकडील शास्त्रज्ञ माणसाचा मेद कसा मोजावा याचा विचार करीत असताना आपण सुकडीचे माप मोजीत होतो. त्या दिवशी कोणी सांगितले असते की पन्नास वर्षांनी हे माप परभणीच्या दवाखान्यातही लागेल, तर त्यास वेड्यात काढले असते.

या पन्नास वर्षांत काय काय बदलले, ते आता क्रमाने पाहू. प्रथम ताट.

आपले जुने ताट ज्वारीचे. काळ्या जमिनीतील रब्बीची ज्वारी, तिची भाकरी, तुरीचे वरण किंवा पिठले, अंबाडीची नाही तर चाकवताची भाजी, कारळाची किंवा जवसाची चटणी, आणि असलेच तर ताक. गव्हाची पोळी सणावाराला किंवा पाहुणा आला तर. भात त्याहूनही विरळा. हे ताट आदर्श होते असे मी म्हणत नाही. बहुधा ते अपुरे होते, आणि त्यातील भाजी व वरण पुष्कळदा नुसते नावाला असे. परंतु त्याची घडण चांगली होती. १९६४ साली ज्वारीचे पहिले संकरित वाण आले आणि उत्पन्न वाढले. तथापि त्याच वेळी देशाच्या धान्यधोरणाचे वजन गहू आणि तांदूळ यांच्या पारड्यात पडले. सरकारी खरेदी त्यांची, गोदामे त्यांची, म्हणून स्वस्त धान्याच्या दुकानातही तेच. २०१३ च्या अन्नसुरक्षा कायद्याने माणशी दरमहा ५ किलो धान्य, तांदूळ ३ रुपये आणि गहू २ रुपये किलो असा दर ठरला. जानेवारी २०२३ पासून तर ते विनामूल्य झाले. भुकेच्या दृष्टीने हा कायदा म्हणजे मोठेच पाऊल होय, आणि त्याला नावे ठेवणे मला शोभणार नाही. परंतु त्याचा दुसरा परिणाम असा, की जे धान्य आमच्या रानात पिकत नाही ते फुकट, आणि जे आमच्या रानात पिकते ते बाजारात महाग. पुढे रानातही ज्वारीची जागा सोयाबीन आणि कापूस यांनी घेतली. गरिबाने ज्वारी सोडली ती चोचल्यापायी नव्हे.

दुसरी गोष्ट तेलाची. पूर्वी घाणीचे करडईचे किंवा भुईमुगाचे तेल बाटलीने आणीत, आणि गृहिणी ते पळीने नव्हे, थेंबाने वापरी. करडई हे तर आपल्या जिल्ह्याचे पीक. कृषी विद्यापीठाच्या एका वाणाचे नावच परभणी कुसुम आहे. पुढे वनस्पती तूप आले. १९९४ नंतर पामतेलाची आयात मोकळी झाली, आणि आज देश आपल्या गरजेच्या निम्म्याहून अधिक खाद्यतेल बाहेरून आणतो. तेल मुबलक झाले तसे तळण रोजचे झाले. येथे थोडा हिशेब करू. चार माणसांच्या कुटुंबात महिन्याला ४ किलो तेल लागते असे धरा. ते माणशी दिवसाला सुमारे ३३ ग्रॅम पडते. एका ग्रॅम तेलात ९ उष्मांक, म्हणजे केवळ तेलातून दिवसाला ३०० उष्मांक. तेवढे खर्ची घालण्यास तासाहून अधिक वेळ चालावे लागते.

तिसरी गोष्ट साखरेची. चहा हे आपले परंपरागत पेय नव्हे. १९०३ साली चहावर कर बसवून त्या पैशातून त्याचा प्रचार करण्याचा कायदा झाला, आणि त्यानंतरच्या तीस-चाळीस वर्षांत पद्धतशीर जाहिरातीने तो आपल्या घरात शिरला. १९५० च्या सुमारास विठ्ठलराव विखे पाटील आणि धनंजयराव गाडगीळ यांनी प्रवरेकाठी सहकारी साखर कारखानदारीचा पाया घातला. त्या वर्षी देशात साखर सुमारे ११ लाख टन होत असे. अलीकडे ती ३०० लाख टनांच्या आसपास किंवा त्याहून अधिक होते. लोकसंख्या या काळात चौपट झाली. यातील काही साखर परदेशी जाते, आणि पूर्वीच्या गुळाची जागाही साखरेने घेतली आहे, हे वजा करूनही वाढ प्रचंड राहते. जागतिक आरोग्य संघटनेने २०१५ साली दिलेला सल्ला असा, की वरून घातलेली साखर शक्यतो दिवसाला २५ ग्रॅमच्या आत ठेवावी. म्हणजे पाच-सहा चमचे. दोन चमचे साखरेचे चार कप चहा झाले की ही मर्यादा चहातच ओलांडली गेली. मग बिस्किट, शीतपेय आणि पाच रुपयांची चुरचुरीत पुडी यांचा हिशेब वेगळा. या पुडीने एक मोठा बदल केला आहे. पूर्वी खाण्याला वेळ होती, कारण चूल पेटल्याशिवाय अन्न नव्हते. आता चूल आणि खाणे यांची फारकत झाली आहे.

ताटाइतकाच बदल कष्टांत झाला. आपल्या जिल्ह्यातील गंगाखेड हे संत जनाबाईंचे गाव. त्यांच्या अभंगांतून जाते आणि दळण आले, कारण पहाटेचे जाते हे बाईच्या जन्माला चिकटलेले होते. आडाचा रहाट, विहिरीवरची मोट, उखळातील कांडण, आठवडी बाजाराची चार कोसांची वाट, हे सारे अंगमेहनतीचे खाते होते. गिरणी आली, पंप आला, नळ आला, ट्रॅक्टर आला. १९८५ नंतर कमी पेट्रोलमध्ये चालणाऱ्या मोटारसायकली आल्या, आणि आता गल्लीच्या तोंडाशी जावयाचे तरी गाडीला किक बसते. १९६५ साली पायाभरणी झालेल्या जायकवाडीचे पाणी डाव्या कालव्याने पाथरी, मानवत, परभणीच्या शिवारात आले, पूर्णेवर येलदरीचे धरण झाले, आणि कोरडवाहू मुलखाच्या काही भागात ऊस उभा राहिला. हे सर्व आपण मागितले होते, आणि योग्यच मागितले होते. शरीर मात्र जुन्याच हिशेबाने चालत राहिले.

आता मी मूळ मुद्द्याकडे येतो. ताट पालटले आणि कष्ट घटले, हे तर युरोप-अमेरिकेतही झाले. मग आपल्याकडे साधारण बांध्याच्या, किंबहुना किडकिडीत हातापायांच्या माणसालाही चाळिशीत मधुमेह का होतो? या प्रश्नाचा ज्यांनी आयुष्यभर पाठपुरावा केला, ते संशोधक आपल्याच राज्यातील, पुण्याच्या के. ई. एम. रुग्णालयातील डॉ. चित्तरंजन याज्ञिक. २००४ साली त्यांनी आणि लंडनच्या प्रा. जॉन युडकिन यांनी 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात दोघांचे एक छायाचित्र प्रसिद्ध केले. दोघांचा देहभारांक एकच, २२.३, म्हणजे रूढ कोष्टकाप्रमाणे दोघेही सडपातळ. परंतु यंत्राने तपासता युडकिन यांच्या शरीरात मेद ९.१ टक्के, आणि याज्ञिकांच्या शरीरात २१.२ टक्के निघाला. युडकिन लांब पल्ल्याच्या शर्यती धावतात, हा फरक त्या दोघांनीच गमतीने नमूद करून ठेवला आहे. तरीही मुद्दा पक्का राहतो: आमच्या लोकांत मेद लपून बसतो, आणि तो बहुधा पोटात बसतो.

तो केव्हापासून बसतो, याचे उत्तर त्याहून विस्मयकारक आहे. १९९३ साली याज्ञिक व त्यांच्या सहकाऱ्यांनी पुण्याजवळच्या सहा खेड्यांतील गर्भवती स्त्रियांचा अभ्यास आरंभिला. तेथील नवजात बाळांचे वजन सरासरी सुमारे २.७ किलो भरले. इंग्लंडमधील साउदॅम्प्टनच्या बाळांचे सुमारे ३.५ किलो. आमचे बाळ लहान, त्याचे स्नायू कमी, पोटातील अवयव लहान; परंतु त्याच्या पाठीवरील कातडीखालचा मेद मात्र इंग्लिश बाळाच्या जवळजवळ बरोबरीचा. सारे काही तुटपुंजे असताना मेद तेवढा सांभाळून ठेवलेला. दिसावयास रोड आणि आत मेदुर, असे हे बाळ जन्मालाच येते.

हॉलंडमध्ये १९४४-४५ च्या हिवाळ्यात जर्मनांच्या वेढ्यामुळे दुष्काळ पडला. त्या महिन्यांत जी मुले गर्भात होती त्यांची पुढे तपासणी झाली. गर्भावस्थेच्या आरंभीच्या महिन्यांत ज्यांना उपासमार सोसावी लागली, त्यांच्यात तरुणपणी लठ्ठपणा अधिक आढळला. आणि गर्भातच उपासमार भोगलेल्यांची साखर पन्नाशीत अधिक बिघडलेली दिसली. १९६२ साली जेम्स नील यांनी मांडले होते, की दुष्काळांतून तगलेल्या वंशांत काटकसरी गुण रक्तातच उतरत असावा. ते अनुमान पुढे वादग्रस्त ठरले. १९९२ साली हेल्स आणि बार्कर या इंग्रज संशोधकांनी निराळी उपपत्ती दिली: ही काटकसर गर्भातच शिकली जाते. आईच्या रक्तातून जे पोचते त्यावरून गर्भ बाहेरच्या जगाचा अंदाज बांधतो, आणि टंचाईच्या जगासाठी देह घडवितो. मग तो देह सुबत्तेच्या जगात आला, की त्याचा अंदाज चुकतो. ज्याने चार आण्यांत संसार करावयाची तयारी केली, त्याच्या अंगावर अन्नाची थैली रिकामी होते.

आता १९७२ कडे पुन्हा पाहा. खडी फोडणाऱ्या आईच्या पोटात जे बाळ होते ते १९७३ साली जन्मले, आणि आज पन्नाशी ओलांडून गेले आहे. तोच आज गोळ्या घेणारा, पोट सुटलेला, आणि घरच्यांकडून 'खाणे आवरा' असे ऐकून घेणारा गृहस्थ आहे. त्याने आवरले पाहिजे, हे खरे. परंतु त्याच्या पोटाचा इतिहास त्याच्या जन्माआधी सुरू झालेला आहे. तो हसण्याचा विषय नाही, एवढे जरी आज येथून कोणी नेले तरी माझे काम झाले.

याच ठिकाणी एका मोहापासून सावध केले पाहिजे. जुने दिवस चांगले होते, जाते पुन्हा आणा, पाणी शेंदा, म्हणजे मेद झडेल, असे पुष्कळ वडीलधारी सांगतात. पुण्याच्या त्याच अभ्यासातून असेही दिसले, की गरोदरपणी ज्या स्त्रियांना घरचे व शेतातले कष्ट फार पडले त्यांची बाळे लहान निपजली. म्हणजे जे जाते आपल्याला व्यायामाचे साधन वाटते, त्यानेच पुढच्या पिढीच्या मेदाचा पाया घातला असावा. त्याच अभ्यासात ज्या मातांच्या आहारात पालेभाजी, फळे आणि दूध अधिक होते त्यांची बाळे सुदृढ निघाली, हेही दिसले. तेव्हा उपाय मागे जाण्यात नाही.

उपायांकडे वळण्यापूर्वी एका दूरच्या जिल्ह्याची हकीगत सांगतो, कारण तीही १९७२ सालचीच आहे. फिनलंडच्या पूर्व सीमेवर उत्तर कारेलिया नावाचा गरीब, जंगलतोडीवर व गुरांवर जगणारा प्रांत आहे. तेथील ऐन उमेदीचे पुरुष हृदयविकाराने मोठ्या संख्येने मरत. तेथील प्रतिनिधींनी १९७१ साली सरकारकडे मदत मागितली, आणि पुढच्या वर्षी पेक्का पुस्का या तरुण डॉक्टरच्या नेतृत्वाखाली काम सुरू झाले. त्यांनी फक्त औषधे वाटली नाहीत. गृहिणींच्या मंडळांना हाताशी धरून लोणी-मीठ कमी असलेला स्वयंपाक शिकविला, खाटिकांना व दुग्धशाळांना पदार्थ बदलावयास लाविले, शेतकऱ्यांना फळांच्या लागवडीकडे वळविले. पुढील चाळीस वर्षांच्या आत त्या पुरुषांतील हृदयविकाराचे मृत्यू चार-पंचमांशाहून अधिक घटले. त्यांचे लक्ष्य हृदयविकार होते, मेद नव्हे. वजनाच्या बाबतीत त्यांनाही तसे यश आले नाही. परंतु एका जिल्ह्याने ठरविले तर जिल्ह्याचे ताट बदलते, एवढे त्यावरून सिद्ध झाले.

आपल्या जिल्ह्याने काय ठरवावे?

पहिली गोष्ट माझ्या मते मुलींची. राष्ट्रीय सर्वेक्षणात २० ते २४ वयाच्या ज्या स्त्रियांचे लग्न १८ वर्षांपूर्वी झाले होते त्यांचे प्रमाण २०१९-२१ साली महाराष्ट्रात सुमारे २२ टक्के निघाले. परभणी जिल्ह्यात ते ४८ टक्के होते, सबंध राज्यात सर्वाधिक. हा आकडा मेदवृद्धीच्या व्याख्यानात कशाला, असे कोणी विचारील. जी मुलगी स्वतः अजून वाढीला लागलेली आहे, जिच्या अंगात रक्त कमी आहे, तिच्या पोटचे बाळ लहान निपजणारच, आणि त्या लहान बाळाला पुढे काय होते ते आपण आताच पाहिले. तेव्हा मुलीचे लग्न वेळेआधी न लावणे, तिला शेवटी न वाढता भावाबरोबर वाढणे, गरोदरपणी तिला जड कामातून सोडविणे आणि तिच्या ताटात पालेभाजी, फळ, दूध घालणे, हे पुढच्या पिढीच्या मधुमेहावरचे पहिले औषध आहे. ते कोणत्याही दुकानात मिळत नाही.

दुसरी गोष्ट ज्वारीची. ज्वारी म्हणजे संजीवनी नव्हे. तीन भाकरींच्या जागी सहा खाल्ल्या तर तीही अंगावर चढते. तिचा गुण असा, की तिच्याबरोबर वरण, भाजी, ताक येते आणि तेल फारसे येत नाही. येथील विद्यापीठाने परभणी मोती, परभणी ज्योती ही वाणे दिली, आणि २०१८ साली लोह व जस्त अधिक असलेले परभणी शक्ती हे वाणही दिले. २०२३ हे वर्ष तर संयुक्त राष्ट्रांनी भरडधान्याचे वर्ष म्हणून पाळले. मग ज्या गावी हे संशोधन झाले त्या गावच्या शाळेतील मध्यान्ह भोजनात आणि स्वस्त धान्याच्या दुकानात ही ज्वारी नेमाने का असू नये? शेतकऱ्याला भाव आणि गरिबाला भाकरी यांची सांगड घालणे हे सरकारचे काम आहे, आणि तसा आग्रह धरणे आपले.

तिसरी गोष्ट शाळेच्या फाटकाची. २०२० च्या केंद्रीय नियमांनी मेद, साखर व मीठ यांचे प्रमाण फार असलेले पदार्थ शाळेत आणि शाळेच्या फाटकापासून ५० मीटरच्या आत विकण्यास मनाई केली आहे. नियम आहे, तो पाळला जातो की नाही, हे पालकांनी एकदा फाटकाशी उभे राहून पाहावे.

चौथी गोष्ट चालण्याची. डॉक्टर चालावयास सांगतात. परंतु चालावे कोठे? पायवाट मोकळी, दिवे चालू आणि मैदान राखलेले असेल तरच गृहिणी संध्याकाळी निर्भयपणे फिरू शकेल. औंधच्या पंतप्रतिनिधींनी सूर्यनमस्कार शाळाशाळांतून नेला, कारण त्याला जागा एका सतरंजीएवढीच लागते. तो घरी घालावा. परंतु सबंध गावाच्या व्यायामाची जागा ही नगराची जबाबदारी आहे.

पाचवी गोष्ट घरातील. शिंप्याची फीत घेऊन कंबर मोजावी. पुरुषांनी ९० आणि स्त्रियांनी ८० सेंटिमीटरच्या आत राहावे, आणि आपल्या लोकांना देहभारांक २३ झाला की सावध व्हावे, असे आपल्याकडील तज्ज्ञ सांगतात. महिन्याचे तेल एक किलोने कमी करावे, चहातील साखर अर्धी करावी. भूक मंदावणारी नवी इंजेक्शने २०२५ पासून आपल्या देशातही मिळू लागली आहेत. ज्यांना त्यांची गरज आहे त्यांनी ती डॉक्टरच्या सल्ल्याने खुशाल घ्यावी. परंतु टोचण्या घेऊन एखादा माणूस सुधारेल, सबंध जिल्हा नव्हे.

१९७३ साली जन्मलेल्या ज्या बाळाबद्दल मी बोललो, त्याला आज नात असेल. ती एखाद्या सेलूच्या, जिंतूरच्या, पालमच्या शाळेत जात असेल. तिच्या ताटात काय पडते आणि तिचे लग्न कितव्या वर्षी होते, यावर २०७२ सालच्या परभणीकराचे शरीर ठरावयाचे आहे. दुष्काळाने जे शंभर वर्षांत घडविले ते एका व्याख्यानाने बदलणार नाही, हे मी जाणतो. परंतु १९७२ साली या मुलखाने पन्नास लाख लोकांची भूक हे आपले सर्वांचे काम आहे असे मानले आणि निभावून नेले. हेही काम तसेच सर्वांचे आहे.